न मागता भेटलेलं गाणं: रेडिओवर ऐकलेलं, तुमच्या नेहमीच्या आवडीबाहेरचं एक तरी सुचवा

मीटरबँड (रविवार, रात्री ९:४०)

गेल्या आठवड्यात गाडीतलं ब्लूटूथ बंद पडलं आणि नाइलाजानं रेडिओ लावला. सिंहगड रोड, संध्याकाळचे साडेसहा, गाड्या जागच्या हलेनात. विविध भारतीवर (आमच्या पुण्यात १०१ एफेम) सुलोचना चव्हाणांची ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ लागली. मी किशोर आणि आर. डी. यांच्या पलीकडे फारसा न फिरकलेला माणूस. लावणी म्हणजे गणपतीच्या मांडवात लांबून कानावर येणारा गोंगाट, एवढीच ओळख. पण काचा वर करून एकट्यानं ऐकली तेव्हा कळलं, ही बाई शब्द नुसता गात नाही, चिमटीत धरून तुमच्या नाकासमोर नाचवते. पुढची गाडी कधीच सरकली होती. मागच्या रिक्षावाल्यानं माझा उद्धार केला तेव्हा भान आलं.

घरी येऊन तेच गाणं ॲपवर शोधलं. तेव्हापासून ॲप मला फक्त लावण्याच वाढतंय. एक आवडली म्हणून दहा. पंगतीत एकदा ‘जिलबी चांगली आहे’ म्हटलं की वाढपी जसा पाठ सोडत नाही, तसं. त्या दिवशी रेडिओवर मात्र लावणीनंतर भीमसेनांचा अभंग आला आणि त्यानंतर तलत. मी यातलं काहीच मागितलं नव्हतं.

तर असं गाणं सुचवा. रेडिओवर भेटलेलं हवं, तुम्ही एरवी ज्या वाटेला जात नाही त्या प्रकारातलं हवं. कुठलं केंद्र, कुठली वेळ, तुम्ही तेव्हा काय करत होता हेही लिहा. लिंकांचा ढीग नको, गाण्याबद्दल बोला.

चहाटळ (रविवार, रात्री ९:५२)

पहिला! बाकी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अख्खा तमाशा बघून होईल, गण-गवळणीपासून वगापर्यंत. एक लावणी म्हणजे काहीच नाही.

सदाफुली (रविवार, रात्री १०:१५)

छान विषय. माझं नाट्यसंगीत.

लहानपणी आमच्यासाठी नाट्यगीत म्हणजे ‘आ आ करणारे आजोबा’. ते लागलं की आम्ही भावंडं रेडिओचा कान पिरगळायला धावायचो आणि आई पोळपाटावरून ओरडायची, ‘हात लावाल तर याद राखा’. बारावीच्या परीक्षेच्या आधीची गोष्ट. रात्री गच्चीवर अभ्यास, शेजारी ट्रान्झिस्टर अगदी हळू. मुंबई केंद्रावर बकुळ पंडितांचं ‘उगवला चंद्र पुनवेचा’ लागलं. वर खरंच चंद्र होता, हे मी शपथेवर सांगते, कथा रंगवायला नाही. त्या आवाजात जोर नव्हता, घाई नव्हती. तान यायची ती भरतीचं पाणी पायरीवर चढावं तशी. मला तोवर वाटायचं की तान म्हणजे कसरत.

निवेदकानं नंतर सांगितलं: नाटक ‘पाणिग्रहण’, आचार्य अत्र्यांचं, संगीत श्रीनिवास खळे. अत्रे म्हणजे विनोद आणि ‘मराठा’तले अग्रलेख, एवढंच तेव्हा माहीत. आणि खळेकाका म्हणजे ‘गोरी गोरी पान’वाले! दोन्ही एकाच माणसाचं हे पचायला वेळ लागला. तिथून पुढे मी ‘कट्यार’पर्यंत गेले आणि वसंतराव देशपांड्यांपाशी कायमची अडकले. पण पहिलं दार त्या चंद्रानं उघडलं.

गडहिंग्लजकर (रविवार, रात्री १०:४१)

मीटरबँडसाहेब, लावणी ऐकलीत ते ठीक, पण ती शेतकऱ्याच्या कानानं ऐका. उसाला तुरा आला की त्याची वाढ थांबते, आतून पोकळ पडायला लागतो, साखर उतरते. म्हणजे तोडणी वेळेवर झाली नाही. त्यात कोल्ह्याला ऊस गोड लागतो हे तर आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ‘फड’ उसाचाही आणि तमाशाचाही. ‘तुरा’ म्हटलं की कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाबही आठवतो. एका ओळीत तीन-तीन अर्थ आणि वर बाई ते हसत हसत सोडून देतात. पुण्यात बसून यातला एकच अर्थ लागतो.

आता माझं. आमच्याकडे रेडिओवर सांगलीइतकंच धारवाड स्पष्ट लागायचं. घरात कन्नड कोणालाच धड येत नव्हतं, बाजारापुरतं सोडून. एकदा पहाटे दूध काढताना मल्लिकार्जुन मन्सूरांचं ‘अक्क केळव्वा’ लागलं. कन्नड संत कवयित्री अक्कमहादेवीचं वचन, म्हणजे तिकडची भक्तीची कविता. ‘अगं अक्का, ऐक, मला एक स्वप्न पडलं’ असा अर्थ, तो मला कितीतरी वर्षांनी कळला. त्या दिवशी एवढंच कळलं की कुणीतरी वयस्क माणूस कुणाला तरी जवळ बसवून काहीतरी फार आतलं सांगतोय. म्हैस पान्हा चोरत होती, तीही थबकली. (हे मी रंगवतोय, कबूल.)

मन्सूर शिकले मिरजेच्या नीलकंठबुवांकडे. म्हणजे गाणं आमच्याच बाजूनं गेलं आणि कानडी होऊन धारवाडहून परत आलं. तिकडे कवी बेंद्र्यांचंही तसंच. घरात मराठी, कविता कन्नड. ज्यांना वचनं माहीत नाहीत त्यांनी हे एक ऐकाच. भाषेची अडचण पहिल्या दोन मिनिटांत संपते.

जुना_श्रोता (रविवार, रात्री ११:०५)

गडहिंग्लजकर, दंडवत घ्या. ‘फड’चा उलगडा साठ वर्षं कोणी केला नव्हता मला.

सुलोचनाबाईंबद्दल एक भर. त्या गिरगावातल्या. लावणीत शिरण्याआधी सुलोचना कदम या नावानं हिंदी सिनेमात गात होत्या. आणि बैठकीत गाताना डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. ठसका सगळा गळ्यात. पद्मश्री मिळायला २०२२ साल उजाडलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या गेल्या. आमच्या घरी लावणी लागली की वडील खाकरायचे आणि आई उठून आवाज बारीक करायची. बंद मात्र कोणी करत नसे, हे मुद्दाम नोंदवतो.

नव्वदीची_पोर (सोमवार, सकाळी ८:१०)

मी इथली बहुतेक सगळ्यात लहान. माझ्या कानात चोवीस तास इंग्रजी पॉप किंवा अजय-अतुल. पण ओला-उबरवाल्यांच्या कृपेनं रेडिओ ऐकते. एकदा सकाळी विमानतळावर जाताना ड्रायव्हरकाकांनी आकाशवाणी लावली होती, त्यावर भीमसेन जोशींचं ‘इंद्रायणी काठी’. तुकाराम महाराजांचा अभंग. अंगावर काटा आला. शेवटचा गजर सुरू झाला तसे काका स्टिअरिंगवर ताल धरत होते. मी हेडफोन काढून ठेवले. माझी शिफारस हीच.

जुना_श्रोता (सोमवार, सकाळी ८:३४)

पोरी, काटा आला ते बरोबर, पण तो अभंग तुकारामांचा नाही. गदिमांचा आहे. सिनेमा ‘गुळाचा गणपती’, १९५३, संगीत पु. ल. देशपांड्यांचं. पडद्यावरही पु. ल.च.

नव्वदीची_पोर (सोमवार, सकाळी ८:४१)

काय सांगता काका! मी देहूला जाऊन आले, तिथे लाउडस्पीकरवर हेच चालू होतं. मला वाटलं संतवाङ्मय!

चहाटळ (सोमवार, सकाळी ८:४५)

लाजू नकोस ताई. निम्म्या महाराष्ट्राला असंच वाटतं. सिनेमासाठी लिहिलेलं गाणं लोकांनी थेट देवळात नेऊन ठेवलं, याहून मोठा पुरस्कार गदिमांना कुठल्या समितीनं दिला असता?

मीटरबँड (सोमवार, सकाळी ९:०२)

बरं झालं हा घोळ झाला, कारण मला हेच विचारायचं होतं. आकाशवाणीवर गाणं संपलं की निदान तीन नावं यायची: गीत, संगीत, स्वर. हल्लीच्या खासगी एफेमवर (कुठलंही घ्या, नाव कशाला) गाणं कोणाचं हे सांगतच नाहीत. वर अंतरा संपायच्या आत निवेदक त्याच्या मैत्रिणीनं काल काय खाल्लं ते सांगायला लागतो. मग ज्यानं ऐकलं तो शोधणार कसा?

हडसनकाठी (सोमवार, सकाळी ९:३०)

मीटरबँड, १००% सहमत. लिहिणाऱ्याचं नाव मला पहिल्यांदा रेडिओनं सांगितलं, शाळेनं नाही.

मी न्यू जर्सीत. आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर पुणे, मुंबई, नागपूर, पणजी सगळं ऐकू येतं. उन्हाळ्यात आमच्या रात्री साडेआठला तुमचे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजतात. म्हणजे तुमची प्रभात आमच्या भांडी घासायच्या वेळी. आधी विचित्र वाटायचं, भूपाळी ऐकत ऐकत डिशवॉशर लावायचा. आता सवय झाली. माझ्या मुलाला वाटतं ‘मंगल मंगल’ वाजलं की झोपायचं असतं.

मी मूळचा रॉकवाला, गिटार वाजवतो. भावगीत म्हणजे माझ्या डोक्यात चिक्कूचा मिल्कशेक होता: गोड, मऊ आणि दातांना काही काम नाही. मग एकदा ‘सखी मंद झाल्या तारका’ लागलं, बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं. साधी वाटणारी चाल, पण वाजवायला बसलो तर बोटं सापडेनात. त्या स्वरांच्या मधल्या जागा गिटारच्या पट्ट्यांवर नाहीतच. तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री गिटार ठेवून दिली आणि नुसतं ऐकलं.

जुना_श्रोता (सोमवार, सकाळी १०:१२)

या गाण्याची हकिकत रेडिओचीच आहे. सुधीर मोघ्यांचे शब्द, राम फाटकांची चाल. फाटक पुणे केंद्रावर होते. तिथल्या ‘स्वरचित्र’ कार्यक्रमासाठी हे गाणं पहिल्यांदा गायलं ते भीमसेन जोशींनी. पुढे ध्वनिमुद्रिका निघाली ती सुधीर फडक्यांच्या आवाजात, आणि घराघरात तीच गेली. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’, ‘माझे माहेर पंढरी’ या चालीही फाटकांच्याच. भीमसेनांना अभंगाकडे वळवणारा हा माणूस रेडिओचा नोकरदार होता, पगारपत्रकावर सही करणारा.

यशवंत देव मुंबई केंद्रावर. अभिषेकीबुवासुद्धा सुरुवातीला मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात होते. या मंडळींना दर महिन्याला नवी चाल द्यावीच लागायची, मूड असो नसो. आपण ज्याला भावगीताचा सुवर्णकाळ म्हणतो त्याच्यामागे हजेरीपट आहे.

चहाटळ (सोमवार, सकाळी १०:३०)

‘हजेरीपटामागचा सुवर्णकाळ’. काका, पुस्तक लिहा. शीर्षक मी दिलंय, मानधन नको, एक चहा.

खाडीकाठचा (सोमवार, दुपारी १:२०)

मी उलटा नियम लावतो. माझं जे घरचं, ते मला रेडिओनं परकं करून दाखवलं.

आमचं कोळीवाडं. हळदीत, नारळी पौर्णिमेला आमच्या बाया जी गाणी म्हणतात ती मी जन्मापासून ऐकतोय, त्यात काय विशेष, असं वाटायचं. मग होडीवर बारक्या ट्रान्झिस्टरवर ‘मी डोलकर’ लागलं. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाई, आणि तो पुरुषाचा आवाज! मी वडलांना म्हटलं, हा आपल्यातलाच दिसतो, वेसाव्याचा की काय. निवेदिका म्हणाली, ‘हेमंतकुमार’. बंगाली माणूस! पण त्या खर्जात दर्या आहे. त्यांच्याकडे पण नद्या, मासे आणि नावाडी आहेतच म्हणा.

आणि एक खुलासा कायमचा करून टाकतो. डोलकर म्हणजे डोलणारा नव्हे. ‘डोल’ हे जाळं आहे. भलं मोठं पिशवीसारखं, खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या ओढीत लावतात. ते लावणारा तो डोलकर. शाळेच्या गॅदरिंगला पोरं डुलत डुलत नाचतात ते बघून आमचे म्हातारे गालात हसतात.

सदाफुली (सोमवार, दुपारी १:३५)

अरे देवा. मी तीन गॅदरिंगना मुलांना डुलायला लावलंय. 🙈

मांडवी_तीर (सोमवार, दुपारी ३:०५)

गोव्यातून नमस्कार. आमच्या घरी सकाळी पणजी केंद्रावर मराठी नाट्यपदं आणि भजनं, आणि आमच्या शेजारी रॉड्रिग्ज आंटीकडे त्याच केंद्राची कोकणी गाणी. भिंत एकच, त्यामुळे दोन्ही मिळून यायचं. आई भजनवाली, तिला ते ब्रासबिस चालत नसे.

मला पकडलं आमच्या गोव्याच्या गायिकेनं, लोर्नाच्या ‘बेबदो’नं. बेबदो म्हणजे दारुडा. ख्रिस पेरीची चाल. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, आणि त्यावर बाईचा असा आवाज की जाझ क्लबातही शोभेल आणि मासळीबाजारातल्या भांडणातही. कोकणीत एवढं ‘स्विंग’ असू शकतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्या डोक्यात कोकणी गाणं म्हणजे हळुवार मांडो.

गंमत अशी की हा ब्रासचा आवाज तुम्ही सगळ्यांनी आधीच ऐकलाय, वाजवणाऱ्याचं नाव न कळता. ‘अलबेला’मधलं (१९५१) ‘शोला जो भडके’ आठवा. भगवानदादा नाचतात, गातात सी. रामचंद्र आणि लता, आणि त्या ब्रासमागे चिक चॉकलेट, गोव्याचा ट्रम्पेटवाला. पुणतांब्याचे चितळकर (म्हणजे हेच सी. रामचंद्र) आणि गोव्याचा ट्रम्पेट, एवढ्यावर हिंदी सिनेमाची निम्मी मस्ती उभी आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. या नावांचा उल्लेख मात्र कुठलाच निवेदक करत नसे. गीत, संगीत, स्वर एवढ्यावर थांबायचे. वाजवणारा चौथा, त्याला जागाच नव्हती. तेव्हा मीटरबँड, आकाशवाणीचंही फार कौतुक नको.

मीटरबँड (सोमवार, दुपारी ३:२२)

मुद्दा मान्य. ‘बेबदो’ आत्ता ऐकलं. ऑफिसात. पाय हलत होते, बॉसनं पाहिलं.

निळी_पहाट (सोमवार, रात्री ८:१८)

सगळं वाचलं, छान चाललंय. पण एक गोष्ट खटकली. आतापर्यंतच्या गाण्यांत अभंग आला, नाट्यपद आलं, कोळीगीत आलं. भीमगीत कोणालाच ‘रेडिओवर भेटलं’ नाही. नवल नाही. आमच्या वस्तीतही ती गाणी रेडिओवर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला यायची, उरलेलं वर्ष ती कॅसेटवर आणि गायन पार्टीच्या मुकाबल्यात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव पायी फिरून गायले. ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ हे ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी हीच माझी शिफारस. वर्षातले दोन दिवस सोडून ऐका. ते आमच्याच लोकांना विचारलेले प्रश्न आहेत, जयजयकार नाही. त्यात जी बोच आहे ती जयंतीच्या डीजेत ऐकू येत नाही.

आता नियमाप्रमाणे माझ्या चौकटीबाहेरचं. मी नर्सिंग शिकत होते, रात्रपाळी सुटायची सकाळी. वसतिगृहावर येऊन आंघोळ करेपर्यंत विविध भारतीवर ‘संगीत सरिता’ लागायचं, साडेसातला. शास्त्रीय संगीत हे आपलं नाही, ते आपल्याला कळणार नाही, हे कोणी न सांगताच मनात बसलेलं. त्या कार्यक्रमात कोणीतरी सावकाश राग उलगडून सांगायचं आणि मग त्याच रागातलं सिनेमाचं गाणं लावायचं. एके दिवशी बागेश्री होता, आणि गाणं ‘जाग दर्द-ए-इश्क जाग’, ‘अनारकली’तलं. हेमंतकुमार आणि लता. रात्रभर तीन नंबरच्या वॉर्डात एक आजी ‘पोरी, झोप नाही गं’ म्हणत होत्या. हे ऐकताना त्याच आठवल्या. राग कळायला घराण्यात जन्मावं लागत नाही हे मला त्या पंधरा मिनिटांनी शिकवलं. संगीतकार कोण ते वरच्या मांडवी_तीर यांना माहीत असेलच.

मांडवी_तीर (सोमवार, रात्री ८:२६)

पुणतांबेकर! परत तेच. 😀 ताई, वामनदादांचं गाणं शोधून ऐकतो आहे. धन्यवाद.

गडहिंग्लजकर (सोमवार, रात्री ८:५०)

निळी_पहाट, खटकलं ते लिहिलंत हे बरं केलंत. आमच्या गावात एका बाजूला प्रल्हाद शिंद्यांचं ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ लागायचं आणि लोक हात जोडायचे. त्याच माणसाची दुसरी गाणी वेशीच्या पलीकडून ऐकू यायची आणि हेच लोक खिडकी लावायचे. आवाज तोच. मला हे कळायला चाळिशी आली.

वऱ्हाडी_ठेचा (सोमवार, रात्री ९:३३)

राम राम मंडळी. मी सुचवायला नाही, विचारायला आलो.

माया आजोबाचं एक गाणं होतं. वावरात, धुऱ्यावर बसून, विडी पेटवायच्या आधी म्हणायचे. शब्द पुरते आठवत नाहीत. ‘रान’ होतं त्यात आणि ‘शीळ’ होती. ते म्हणायचे की हे नागपूर रेडिओवर ऐकलं, पुरुषाचा आवाज, तबकडी लय घासलेली, खरखर जास्त अन् गाणं कमी. ॲपला गुणगुणून दाखवलं तर त्यानं मले एक पंजाबी गाणं काढून देल्लं. कोणाले काही सांगता येईल काय?

चहाटळ (सोमवार, रात्री ९:४०)

ॲपचं काय चुकलं, तुमचा सूरच पंजाबी असेल. (हलकं घ्या दादा.) जुना_श्रोता काकांना हाक मारा, ते झोपायच्या आत.

माझी पण शिफारस टाकून जातो, नाहीतर म्हणाल नुसता चावटपणा करतो. सकाळी ६:५५ ची संस्कृत बातमीपत्रं. गाणं नाही, मान्य. पण ‘इयम् आकाशवाणी’ आणि मग बलदेवानंद सागरांचं नाव, याला ताल आहे की नाही सांगा. एक अक्षर न कळता मी आठ वर्षं ते तालात ऐकलंय, दात घासत. त्यानंतर पुणे केंद्रावर सुधा नरवणेंच्या प्रादेशिक बातम्या. त्या सुरू झाल्या आणि माझ्या पायात अजून बूट नसले तर शाळेची घंटा चुकलीच समजा.

जुना_श्रोता (सोमवार, रात्री १०:२०)

जागा आहे अजून. आधी एक विषयांतर करतो, मग वऱ्हाडीभाऊंकडे येतो, कारण दोन्ही जुळलेलं आहे.

१९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्याचा मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. लोक काय करणार? सुई रेडिओ सिलोनकडे वळली. त्याच वर्षी अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ तिथून सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठला गल्ल्या ओस पडू लागल्या. आम्ही २५ आणि ४१ मीटरवर कान लावून बसायचो, आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा. सरकारला उपरती होऊन १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली. केसकरांना सगळे हसतात, मीही हसलोय. (पेटीवर तर आकाशवाणीची बंदी १९४० पासूनच होती, ते पाप त्यांचं नाही.)

पण सिनेमा काढल्यावर ती पोकळी भरायला आकाशवाणीनं प्रत्येक केंद्रावर सुगम संगीत बसवलं, कवींकडून गीतं घेतली, पगारी संगीतकार ठेवले. पुण्यात १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं. मुंबईत ‘भावसरगम’ आलं, ‘शुक्रतारा मंद वारा’ आलं. बंदी चुकीचीच होती, पण तिच्याशिवाय हे एवढं पिकलं असतं असं मला वाटत नाही. मतभेद असतील तर सकाळी भांडू.

आता वऱ्हाडीभाऊ. तुमचं गाणं बहुतेक ‘रानारानांत गेली बाई शीळ’. गायक जी. एन. जोशी, १९३० च्या दशकातली तबकडी. मराठी भावगीताची सुरुवात बरेच जण तिथूनच मोजतात. हे जोशी शिकले कायदा, गेले एचएमव्हीत, आणि पुढे भल्याभल्या उस्तादांचं ध्वनिमुद्रण त्यांनी केलं. कविता ना. घ. देशपांड्यांची. ते मेहकरचे.

वऱ्हाडी_ठेचा (सोमवार, रात्री १०:३४)

काका!! हेच. हेच ते. आत्ता लावलं, आई आतून धावत आली, म्हणे बुवांचं गाणं कोणं लावलं.

अन् मेहकर म्हणता? आमचं लोणार हो. मेहकर आमच्या बाजूचंच. हे गाणं मी मुंबई-पुण्याचं समजत होतो.

जुना_श्रोता (सोमवार, रात्री १०:४१)

शंभर टक्के मेहकर. तिथेच वकिली करायचे. साहित्य अकादमी मिळाली १९८६ ला, ‘खूणगाठी’साठी, तोवर सत्तरी उलटून गेली होती.

वऱ्हाडी_ठेचा (सोमवार, रात्री १०:४८)

वकील होते? आजोबाची धुऱ्याची केस लय वर्षं चालली मेहकरच्या कोर्टात. तारखेला बैलगाडीनं जायचे. आपले वकील कोण होते ते सकाळी बाबाले विचारून सांगतो.

चहाटळ (सोमवार, रात्री १०:५०)

मी आता झोपत नाही. सकाळपर्यंत थांबणार.

हडसनकाठी (सोमवार, रात्री १०:५५)

आमच्याकडे दुपार आहे, मी तर थांबणारच.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, सकाळी ७:१५)

विचारलं. बाबा म्हणे, वकिलाचं नाव काही आठवत नाही. केस हरलो, एवढं पक्कं आठवते.